भाड्याने आणलेली डीव्हीडी ओरिजिनल की डुप्लिकेट, कसं ओळखायचं

कॉलेजात असताना मी दोनेक वर्षं संध्याकाळी एका सीडी लायब्ररीच्या काउंटरवर बसायचो, त्यामुळे हे जे सांगतोय ते काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेलं आहे. आता अशा लायब्रऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात हे मान्य, पण जुनी नाटकं, जुने मराठी सिनेमे शोधायला गेलं की ऑनलाइन सगळंच सापडतं असं नाही, मग लोक शोधत शोधत येतातच. आणि बंद पडलेल्या लायब्रऱ्यांचा माल रस्त्यावर ढिगाने विकायला येतो तिथेही हेच सगळं उपयोगी पडेल.

सगळ्यात पहिलं, कव्हरवर जाऊ नका. दुकानातून सीलबंद विकत घेताना कव्हर बघणं ठीक आहे, पण भाड्याच्या डिस्कला कव्हर काहीच सांगत नाही. कारण असं की लायब्ररीवाला एक ओरिजिनल आणतो, ती गिऱ्हाइकाच्या हातात गेली की महिन्याभरात चरे पडणार (लोक डिस्क टीव्हीवर उघडी ठेवून देतात, पोरं बोटात घालून फिरवतात, वरणभाताच्या हाताने काढतात), म्हणून तो ओरिजिनल घरी कपाटात ठेवतो आणि राइट केलेली कॉपी त्याच ओरिजिनल कव्हरात घालून फिरवतो. याच्या उलटही असतं, आत डिस्क ओरिजिनल पण कव्हर कलर झेरॉक्स, कारण खरं कव्हर शोकेसला लावून लावून उन्हाने उडालं. म्हणजे झेरॉक्स दिसली म्हणून लगेच माणसाला चोर ठरवू नका.

तेव्हा डिस्क बाहेर काढा. कडेला आणि मधल्या भोकात बोट घालून धरायची, मागच्या बाजूला बोटं लावायची नाहीत, आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करायची. फॅक्टरीत छापलेली म्हणजे प्रेस केलेली डिस्क मागून स्वच्छ चंदेरी दिसते, स्टीलच्या ताटासारखी. दोन लेयरवाली, म्हणजे दुप्पट माल मावणारी डीव्हीडी असेल तर हलकी सोनेरी झाक असते, तिला घाबरू नका, ती नॉर्मल आहे. घरी किंवा दुकानात राइट केलेल्या डिस्कला मात्र आत रंगाचा थर असतो, लेझर तो थर भाजून त्यात खुणा करतो, त्यामुळे मागून जांभळट, निळसर किंवा हिरवट दिसते. डीव्हीडीला जांभळा रंग इतका पक्का असतो की एकदा बघितला की परत चुकणार नाही. जिथपर्यंत सिनेमा राइट झालाय तिथपर्यंतचा पट्टा थोडा वेगळा आणि पुढे कडेपर्यंत कोरा भाग, हे पण त्या तिरक्या उजेडात दिसतं. सीडीत थोडा घोळ आहे, काही ब्लँक सीडींचा रंग इतका फिका असतो की पटकन चंदेरीच वाटते, म्हणून घरातली एखादी गाण्याची ओरिजिनल सीडी शेजारी धरून बघा, फरक कळतो.

व्हीसीडी (म्हणजे सीडीवर भरलेला सिनेमा) असेल तर प्रत्येक डिस्क वेगळी तपासायची हे विसरू नका. एका व्हीसीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन डिस्कमध्ये यायचा, आणि आमच्याकडे कितीतरी सेट असे होते की एक नंबरची डिस्क ओरिजिनल आणि दोन नंबरची कॉपी, कारण ओरिजिनल दोन नंबर कुठल्यातरी सत्यनारायणाच्या रात्री भाड्याच्या प्लेअरमध्ये घासून निकामी झाली. गिऱ्हाइक वरची एक बघून खूश व्हायचं.

चंदेरी निघाली म्हणजे सुटलात असं पण नाही. मलेशिया, पाकिस्तान इथल्या कारखान्यांत प्रेस केलेल्या पायरेटेड डिस्क एकेकाळी भरपूर फिरायच्या, त्या मागून एकदम ओरिजिनलसारख्याच. तिथे मधल्या भोकाभोवतीची रिंग बघायची. आरशासारखा जो अरुंद गोल पट्टा असतो त्यावर बारीक कोरलेला नंबर असतो, कधी बारकोड पण असतो, आणि बऱ्याच डिस्कवर आय-एफ-पी-आय ही चार अक्षरं आणि पुढे काही अक्षरं-आकडे असतात. हा कोड १९९४ पासून सुरू झाला, डिस्क कुठल्या कारखान्यात बनली ते त्यावरून कळतं. असाच दुसरा कोड पारदर्शक प्लास्टिकच्या भागात उठावदार असतो, तो नुसत्या डोळ्याने जवळजवळ दिसतच नाही, मोबाइलचा टॉर्च बाजूने मारून कॅमेरा झूम केला तर दिसतो. पायरसीच्या कारखान्यातल्या डिस्कवर हे कोड नसायचे किंवा मुद्दाम खरवडलेले असायचे, खरवडलेलं दिसलं तर विषयच संपला. पण उलट बाजूने पुरावा धरू नका, कारण ब्लँक डिस्कवर पण ब्लँक बनवणाऱ्या कारखान्याचा कोड असू शकतो. रंग आणि रिंग दोन्ही मिळून बघायचं.

वरची बाजू सोपी आहे. ओरिजिनलची छपाई थेट डिस्कवर असते, अक्षरं टोकदार. मार्करने नाव लिहिलेलं, गोल स्टिकर चिकटवलेला, किंवा ओलं बोट लावल्यावर शाई पसरते असं असेल तर कॉपी. स्टिकर उपटून खाली काय आहे बघू नका हां, सीडीचा डेटा वरच्या बाजूलाच अगदी पातळ लॅकरखाली असतो, स्टिकरबरोबर चंदेरी पापुद्रा निघून येतो आणि मग डिपॉझिट गेलं.

आता डिस्क लावून बघा. थिएटर प्रिंट (म्हणजे थिएटरात बसून कॅमेऱ्याने चोरून शूट केलेला सिनेमा) ओळखायला काही शिकावं लागत नाही, चौकट तिरकी, आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि मधेच कोणीतरी उठून पॉपकॉर्न आणायला जातो त्याचं डोकं. कोपऱ्यात चॅनेलचा लोगो असेल तर टीव्हीवरून रेकॉर्ड केलेलं. सिनेमा अजून थिएटरात चालू आहे आणि तुमच्या हातात डिस्क आहे, तर मग वरचं काहीच तपासायची गरज नाही. सेन्सॉर सर्टिफिकेट सुरुवातीला दिसलं म्हणून मात्र खात्री धरू नका, ते थिएटरातल्या प्रिंटला पण असतंच, कॉपीबरोबर तेही कॉपी होतं. बघायचं असेल तर हे बघा: कॉपीराइट कायद्याच्या ५२ए कलमानुसार व्हिडिओवर आणि त्याच्या डबीवर सर्टिफिकेटची प्रत, व्हिडिओ काढणाऱ्याचं नाव-पत्ता, त्याने परवानगी घेतल्याचं निवेदन आणि हक्क ज्याचे आहेत त्याचं नाव-पत्ता असं सगळं असायला पाहिजे. डुप्लिकेटवाला पोस्टर छापतो, पत्ता कशाला छापेल.

रीजन कोडवरून (डीव्हीडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा नंबर) वाद घालणारे पण भेटतात, भारताचा रीजन ५ आहे म्हणून ज्यावर ५ नाही ती खोटी असं म्हणतात. चुकीचं आहे, हिंदी सिनेमाच्या कितीतरी ओरिजिनल डीव्हीडी सगळ्या रीजनला चालणाऱ्या निघाल्या. किंमत कमी म्हणून खोटी हे पण तसंच, २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना ती डुप्लिकेटच वाटायची.

कॉम्प्युटर असेल तर इमेजबर्नसारखं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कचा प्रकार बघा. डीव्हीडी-रॉम म्हणजे बहुतेक प्रेस केलेली, डीव्हीडी-आर म्हणजे राइट केलेली. बहुतेक म्हटलं कारण प्लसवाल्या (डीव्हीडी+आर) ब्लँकला राइट करतानाच रॉम असं खोटं नाव देता येतं, पण जांभळी डिस्क स्वतःला रॉम म्हणवत असेल तर कोणावर विश्वास ठेवायचा हे तुम्हाला कळलंच असेल.

कॉपी निघाली तर काउंटरवर तमाशा करू नका, "याची ओरिजिनल आहे का" एवढंच विचारा, कपाटातून निघते बऱ्याचदा. मात्र नवा सिनेमा, थिएटर प्रिंट असला प्रकार असेल तर ती लायब्ररीच सोडा, महाराष्ट्रात २००९ पासून व्हिडिओ पायरसीवाल्यांना एमपीडीए (गुंडांना खटल्याआधीच स्थानबद्ध करायचा कायदा) लागू होतो आणि रेड पडली की मेंबरांचं डिपॉझिट कोण परत देत बसणार. अजून एक, डिस्क ओरिजिनल आहे म्हणजे ती भाड्याने द्यायची परवानगी पण आहे असं होत नाही, तो हक्क वेगळा असतो, ते लायब्ररीवाल्यालाच विचारावं लागतं. आमचे मालक हा प्रश्न आला की हमखास चहा सांगायला बाहेर जायचे.