कमेंट वाचून गाणं सोडायच्या आधी या चुका टाळा

मी सांगलीत गावभागात राहतो, पेटीची (हार्मोनियमची) साथ करतो आणि संध्याकाळी पोरांना गाणं शिकवतो. आधी पोरं रडत यायची ती स्पर्धेत नंबर गेला म्हणून, आता येतात ती कमेंटमुळं. गेल्या वर्षी तासगावकडची एक पोरगी आली, पंधराची असेल, सोबत आई. आई म्हणाली, "सर, दोन दिवस झालं धड जेवली नाही ओ ही, गाणंच बंद करते म्हणायलीय." झालं असं की पोरीनं घरात मोबाइलवर सिनेमातलं एक गाणं म्हणून टाकलेलं, एरवी मामा-मावश्यांचे पन्नास-साठ लाइक यायचे आणि विषय संपायचा, यावेळी व्हिडिओ कुठंतरी लांब फिरला आणि अनोळखी माणसं तुटून पडली. कुणी म्हैस म्हटलेलं, कुणी आधी शिक मग टाक म्हटलेलं, कुणाला आपल्या गल्लीतला भोंगा यापेक्षा गोड वाटत होता. आणि त्या सगळ्या गर्दीत एक साधी ओळ होती, गाणं ठेक्याच्या मागनं चाललंय, बघा जरा.

मी व्हिडिओ लावला. गाणं खरंच ठेक्याच्या मागनं चाललं होतं. पण पोरीला तिथंच पेटीवर घेऊन बसवलं, तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोब्बर. मग घोळ कुठं होता? कानात.

चूक गळ्याची समजायची, असते मोबाइलची

पोरीनं ब्लूटूथ इयरबड कानात घालून त्यात कराओके ट्रॅक, म्हणजे गाण्याची नुसती वाद्यं, ऐकला, मोबाइलनं नुसता आवाज रेकॉर्ड केला आणि नंतर ॲपमध्ये आवाजाखाली ट्रॅक जोडला. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, साध्या इयरबडला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. सिनेमा बघताना हे कळत नाही कारण ॲप चित्र तेवढं मागं ओढून घेतं. गाताना कोण ओढणार? मिनिटाला १२० मात्रांची लय धरा, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची झाली, त्यात दोनशे मिलिसेकंद गेले म्हणजे जवळजवळ अर्धी मात्रा गेली की. पोरगी कानातल्या ठेक्याला धरून बिनचूक गातेय आणि ऐकणाऱ्याला ती अख्खं गाणं धापा टाकत मागनं पळताना दिसतेय.

उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे, वायरचा हेडफोन. मोबाइलला हेडफोनचं भोकच नसेल तर चार्जिंगच्या जागी लागणारा मिळतो. तोही नसेल तर ॲपमध्ये आवाजाची पट्टी डावीकडं थोडी थोडी सरकवून ठेक्यावर बसवा, टाळी वाजवून आधी एकदा तपासून घ्या. आणि इयरबडचाच माइक वापरत असाल तर तो आधी बंद करा, त्यातनं आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा येतो, मग लोक म्हणतात गळ्यात दमच नाही.

दुसरं, हॉलमध्ये उभं राहून गाऊ नका. आपल्याकडं हल्ली सगळीकडं फरशी, भिंतीला ऑइलपेंट, खिडकीला काच, आवाज असा घुमतो की शब्दच कळत नाहीत. गाद्या-गोधड्या रचलेली खोली असते ना, तिथं गा, कपाट उघडं ठेवा, मोबाइल तोंडापासनं हातभर लांब आणि थोडा बाजूला. वर सुराला जाताना आवाज फाटत असेल तर आणखी लांब न्या. यात कलाकारीचं काही नाही, पण निम्म्या शिव्या इथंच कमी होतात हे मी बघितलंय.

दुसऱ्याच्या पट्टीत गायचं

ही चूक मी रोज बघतो आणि रोज चिडतो. कराओके ट्रॅक मिळतो तो मूळ गाण्याच्या पट्टीत, म्हणजे मूळ गायकानं सा जिथं धरला त्या उंचीवर. त्या पोरीचा ट्रॅक काळी पाचचा होता, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, पोरीचा गळा काळी चारचा. मधली पांढरी धरून फरक दोनच सुरांचा, पण अंतऱ्यात वरच्या सुराला गेली की मान ताणली जाते, भुवया वर, सूर कणभर खाली राहतो. याला आम्ही कणसूर म्हणतो. बेसूर वेगळं, कणसूर वेगळं. बेसुराला लोक हसतात आणि विसरतात, कणसूर मात्र दाताखाली खडा आल्यासारखा लागतो, ऐकणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय सांगता येत नाही म्हणून तो म्हैस लिहून मोकळा होतो.

जवळजवळ सगळ्या कराओके ॲपमध्ये पट्टी बदलायची सोय असते, वजा एक, वजा दोन असं. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर कुठं येतो ते शोधा, ती एकच ओळ हळू आवाजात दहा वेळा म्हणा. दहाव्यांदाही आरामात लागली तर पट्टी तुमची. सहाव्यांदा घसा खवखवला तर एक सूर खाली या. फार खाली नेऊ नका, चार-पाच सुरांच्या पुढं ट्रॅक रडवेला वाटतो आणि मुखड्यातले खालचे सूर पुटपुटल्यासारखे होतात. पट्टी खाली घेतली म्हणून काही इज्जत जात नाही ओ. इथं पलीकडं मिरजेत जाऊन बघा, तानपुरे गळ्याच्या पट्टीप्रमाणं लहान-मोठे बनवतात, बाईचा वेगळा, पुरुषाचा वेगळा. वाद्य गळ्याप्रमाणं होतं तिथं, गळा वाद्याप्रमाणं नाही. त्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू या गावचीच अशी सरकारी खूण, मिळालं, आणि आमची पोरं तिथनं दहा किलोमीटरवर बसून मुंबईत कुणीतरी ठरवलेल्या पट्टीत ओरडायलीत.

तपासायची सोपी रीत, तानपुऱ्याचं ॲप आपल्या पट्टीत लावा आणि शेजारी आपलंच रेकॉर्डिंग लावा, व्हिडिओ न बघता, डोळे मिटून. कुठं टोचतंय ते स्वतःलाच कळतं. ट्यूनर ॲपचा काटा बघून मात्र घाबरू नका, मींड घेतली, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत गेलं, की काटा नाचणारच.

आवाज फुटतोय आणि व्हिडिओ चालूच

हे मुलांच्या आईबापांसाठी आहे, नीट वाचा. पोरगं दहा-अकरा वर्षांचं असताना नाट्यगीत म्हणतं, गणपतीत स्टेज गाजवतं, छोटे उस्ताद म्हणून चॅनल निघतं. मग तेरा-चौदाला आवाज फुटायला लागतो. स्वरयंत्र वाढतं, आतल्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते, आणि मुलाचा आवाज साधारण सप्तकभर, म्हणजे वरच्या सापासनं खालच्या सापर्यंत, खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो पण तो लोकांच्या लक्षात येत नाही. या मधल्या काळात गळा कधी खर्जात, कधी एकदम चिरकतो, पोराच्या हातात काही नसतं. आणि खाली कमेंट काय, पहिल्यासारखी मजा राहिली नाही, हवा डोक्यात गेली, रियाज सोडला वाटतं. अरे रियाज सोडला नाही, मिशी फुटलीय त्याला!

इथं सगळ्यात वाईट चूक म्हणजे जुन्या पट्टीला धरून ठेवायचं. बाप म्हणतो पब्लिकला तेच गाणं पाहिजे, पोरगं नरडं ताणून तेच गाणं म्हणतं, आणि घसा कायमचा खरखरीत व्हायची वेळ येते. असं करू नका. पट्टी महिन्या-दोन महिन्यांनी परत बघा, जिथं आरामात लागेल तिथं, रियाज थोडा थोडा, पंधरा-वीस मिनिटांचा, मधल्या सप्तकात. गाणं पूर्ण बंद करायची गरज नाही, व्हिडिओ बंद केले तर कुणी मरत नाही. तेवढ्या काळात तबला शिकवा, पेटी शिकवा. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर मात्र मध-हळद करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

सगळ्या कमेंट एकाच तराजूत

पोरं दोन टोकं करतात. एक तर सगळंच मनावर घेतात, नाहीतर सगळे जळतात म्हणून सगळंच उडवून लावतात. दोन्हीत ती ठेक्यावाली कमेंट वाया जाते.

लता मंगेशकरांचं उदाहरण देतो, देणारे पुष्कळ आहेत पण मला त्यातली एकच गोष्ट दाखवायचीय. त्यांचे वडील दीनानाथ, त्यांचं बिऱ्हाड सांगलीत होतं, आशाताईंचा जन्म १९३३ चा इथलाच, त्यामुळं आम्हाला हे घरातलं वाटतं. लताबाईंना सुरुवातीला दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. एक, आवाज फार बारीक आहे. दुसरी दिलीपकुमारांची, मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो अशा अर्थाची. पहिल्यावर त्यांनी काय केलं? काही नाही, बारीक तर बारीक. दुसरं लागलं त्यांना, पण घरी येऊन उर्दू शिकवायला मास्तर लावला. एक दुरुस्त होण्यासारखं होतं, एक नव्हतं.

ते वरणभाताचं अजून तसंच आहे बरं का. आपल्या पोरांचं हिंदी गाणं ऐका, मुझे मधला झ हमखास माझा मधला झ होतो. हे कुणी कमेंटमध्ये लिहिलं तर चिडू नका, लिहिणारा कानाचा पक्का आहे.

माझ्या पेटीचंच घ्या. १९४० मध्ये रेडिओनं पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. टीका काय होती, तर पेटीवर मींड येत नाही, सूर ठोकळ आहेत. खोटं नव्हतं ते! मींड आजही येत नाही. म्हणून पेटीवाला मींड घ्यायला जात नाही, गायकाच्या मागनं सावलीसारखा चालतो, आणि आज पेटीशिवाय क्लास दाखवा मला एक.

मी पोरांना वही करायला लावतो. व्हिडिओ टाकल्यावर तीन दिवसांनी, लगेच नाही, कमेंट उतरवायच्या. ज्यात जागा सांगितलीय, म्हणजे अंतरा, शब्द, ठेका, श्वास, ती एका पानावर. जी नुसती चेहऱ्यावर, जातीवर, गावावर, कपड्यांवर आहे ती लिहायचीच नाही. आणि वा वा, खूप छान, ही पण लिहायची नाही! यावर पोरं नाराज होतात. पण आत्याच्या छानमधनं शिकायला काही मिळत नाही.

रात्री अकराला उत्तर देणं, आणि मामाला मैदानात उतरवणं

उत्तर द्यायचंच असेल तर सकाळी द्या. एक ओळ, बघतो, धन्यवाद, बास. रात्रीचं उत्तर परिच्छेदाचं होतं आणि त्याचा स्क्रीनशॉट निघतो. त्याहून भारी म्हणजे मामा. मामा खोटं अकाउंट काढून भांडतो, समोरच्याला तू गाऊन दाखव म्हणतो, दोन कमेंटचं भांडण दोनशेवर जातं आणि भांडण वाढलं की व्हिडिओ आणखी फिरतो, आणखी लोक येतात म्हैस लिहायला. मामाला फोन करून गप्प बसवा. शिव्यांचा स्क्रीनशॉट लावून रडका रील पण करू नका, एक-दोन दिवस सहानुभूती मिळते, मग लोक रडणाराच म्हणून ओळखतात.

सेटिंग न बघणं

यूट्यूबवर कमेंट आधी तपासून मग दिसू देता येतात, नको त्या शब्दांची यादी टाकता येते. यादीत शिव्या देवनागरीत टाका आणि इंग्रजी अक्षरांतही टाका, एकेक शिवी चार-चार स्पेलिंगनं लिहितात आपले लोक. एखाद्याला चॅनलवरनं लपवता येतं, त्याला कळतही नाही. इन्स्टाग्रामवर ब्लॉकच्या आधी रिस्ट्रिक्ट करून बघा, त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसते, बसू दे बोंबलत. हे काम आईनं किंवा दादानं करायचं, गाणाऱ्या पोरीला ती यादी टाइप करायला लावू नका.

बेसूर म्हणणं हा गुन्हा नाही, उगाच पोलिसात जायच्या धमक्या देऊ नका. पण धमकी, अश्लील मेसेज, फोटो जोडून केलेला घाण प्रकार, सतत पाठलाग, यातलं काही असेल तर डिलीट करायच्या आधी लिंक, तारीख, अकाउंटचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या आणि सायबर पोलिसांकडं जा, केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार करता येते. पोरगं अठराच्या आतलं असेल तर चाइल्डलाइन १०९८ आहे. आणि जेवण-झोप उडाली असेल, गाणं सोडून भलतंच काही बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, टेली मानस १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलतात.

त्या पोरीचं पुढं. दोन महिने काही टाकलं नाही तिनं. मग काळी चारमध्ये, वायरचा हेडफोन लावून, आजीच्या गोधड्यांच्या खोलीत तेच गाणं परत म्हटलं. मी म्हटलं दुसरं घे, नको म्हणाली, तेच पाहिजे. टाकलं. म्हैसवाले यावेळी फिरकलेच नाहीत, त्यांना कुठली आठवण. ठेक्यावाला आला. लिहिलं, आता बरोबर बसलंय, पण ट्रॅकचा आवाज मोठा आहे, गळा झाकला जातोय.

मी परत ऐकलं. ट्रॅक मोठाच होता.