डायलअपवर ‘४०३ फॉरबिडन’ आलं तर साइट पुन्हा चढवू नका

५६के मोडेमवर १ एमबी चढवायला चार मिनिटं तरी जातात, आणि ४०३ च्या वेळी, म्हणजे सर्व्हर पान दाखवायला नकार देतो तेव्हा, दोष बहुधा फाइलमध्ये नसून परवानग्यांत असतो. एफटीपी प्रोग्राममध्ये (ज्यातून फाइली सर्व्हरवर चढवता त्यात) फाइलवर राइट-क्लिक करून परवानगी बदला. लाइनवरून जेमतेम काही बाइट्स जातात. पानं आणि चित्रं ६४४ (इतरांना फक्त वाचता येतं), फोल्डर ७५५ (इतरांना वाचता आणि आत जाता येतं), सीजीआय स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम, ७५५. वरचे फोल्डरही तपासा. वाटेतला एक जरी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) असला तरी आतलं सगळं अडतं.

वैतागून ७७७ (कुणालाही बदल करायची मुभा) मात्र देऊ नका. सुएक्झेक (स्क्रिप्ट मालकाच्या नावाने चालवणारी सोय) असलेला अपाची हा वेब सर्व्हर अशी स्क्रिप्ट चालवतच नाही, उलट ५०० ची (सर्व्हरमधल्या बिघाडाची) एरर देतो. ७५५ असूनही ५०० येत असेल, तर विंडोजवरून बायनरी मोडमध्ये (फाइल जशीच्या तशी) गेलेली तेवढी एकच स्क्रिप्ट आस्की मोडमध्ये पुन्हा चढवा, म्हणजे ओळींच्या शेवटच्या खुणा सर्व्हरला चालतील अशा बदलतात.