ग्राफिक्स कार्ड काढलं आणि संगणक गायब झाला: या चुका टाळा

चतुर्थीच्या सुट्टीत फोंड्याच्या घरातला जुना संगणक मी फोटोंच्या बॅकअपसाठी सर्व्हर करायला घेतला. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून आज्ञा देण्याची सोय) चालू केलं आणि पडद्यावर चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड काढून भाच्याला दिलं. बटण दाबलं, पंखा फिरला, पण मशीन नेटवर्कवर दिसेना. कार्ड परत मागून लावलं, तर सगळं सुरळीत. काढलं, की पुन्हा गायब! दोन संध्याकाळी त्यात गेल्या, वर भाच्याचा रुसवा.

माझी चूक अशी, की ‘हा मदरबोर्ड कार्डाशिवाय चालूच होत नाही’ असं मी ठरवून टाकलं. काही बोर्ड खरंच अडतात; स्पीकर जोडलेला असेल तर बहुधा एक लांब आणि दोन-तीन छोटे बीप देतात. तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘हॉल्ट ऑन’ असेल तर ‘नो एरर्स’ करून पाहा. माझ्याकडे मात्र डिस्कचा दिवा छान लुकलुकत होता. कार्ड लावून ‘जर्नलसीटीएल -बी -१’ या आज्ञेने मागच्या वेळचा लॉग (नोंदी) काढला, तर मशीन पूर्ण चालू झालेलं! फक्त त्याला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला नव्हता.

लिनक्समध्ये नेटवर्क पोर्टचं नाव बहुधा त्याच्या पीसीआय जागेवरून, म्हणजे बोर्डावरच्या जोडणीच्या क्रमांकावरून पडतं. कार्ड होतं तेव्हा माझा पोर्ट होता ‘ईएनपी३एस०’. कार्ड गेलं, क्रमांक एकाने सरकला आणि तो ‘ईएनपी२एस०’ झाला. उबुंटूचं नेटवर्क ठरवणाऱ्या नेटप्लॅनच्या फाइलीत नाव जुनंच. कार्ड लावून तपासायला जावं तर नावही पूर्ववत, मग चूक सापडणार कशी? उपाय दोन ओळींचा: फाइलीत ‘मॅच’खाली पोर्टचा मॅक पत्ता (त्याचा स्वतःचा हार्डवेअर क्रमांक) द्या. नाव काहीही होवो, पत्ता तोच राहतो.

बाकीचं कार्ड असतानाच उरकून घ्या. आपल्याकडे पावसात वीज जाते-येते, म्हणून बायोसमध्ये वीज परतल्यावर ‘पॉवर ऑन’ ठेवा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल जुना असेल तर बदला. तो मेला तर हे सेटिंग पुसलं जाऊ शकतं. बाहेरच्या डिस्कला एफस्टॅबमध्ये (जोडायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलीत) ‘नोफेल’ लिहा, नाहीतर केबल निघालेली असली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये थांबतं आणि ते सांगायला पडदा नसतो. डिस्क एनक्रिप्ट केली असेल तर तेच: पासवर्ड विचारत ते मुकाट उभं राहील.

नवा प्रोसेसर घेत असाल तर नाव नीट वाचा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, १२४००एफ सारखा, तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे पडद्यासाठी वेगळं कार्ड लागतं. एएमडीच्या रायझन ५६००मध्ये नाही, ५६००जीमध्ये आहे. थोडे पैसे जास्त गेले तरी मी ‘जी’च घेईन.

कार्ड पुन्हा भाच्याकडे देण्याआधी मशीन बंद करून भिंतीवरचा स्विच तीनदा बंद-चालू केला. तिन्ही वेळा दोन मिनिटांच्या आत फोनवरून एसएसएच लागलं.