पोलिसांनी हात उचलला किंवा तक्रारच घेतली नाही, तर काय काय करायचं

आपल्याकडे पोलिसांशी वाजलं की लोक आधी ओळखीचा नगरसेवक शोधतात. शोधा, माझी ना नाही, पण त्याच्या फोनवर त्या रात्रीपुरतं सुटाल आणि कागदावर काहीच राहणार नाही, मग सहा महिन्यांनी साहेब आरामात सांगतील की हा माणूस ठाण्यात आलाच नव्हता. म्हणून खालचं सगळं कागद तयार करण्याबद्दल आहे.

1. ठाण्यात असतानाच

नेमप्लेट वाचा. नाव, हुद्दा, वेळ बाहेर आल्या आल्या टाइप करून घरच्या कुणालातरी व्हॉट्सॲप करा. अटक झाली असेल तर अटकेचा मेमो (म्हणजे अटकेची लेखी नोंद), घरच्यांना खबर आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, यात सवलत नाही. नुसतं "साहेबांनी बोलावलंय" म्हणाले तर लेखी नोटीस मागा. बाईला, किंवा 15 च्या आतल्या आणि 60 च्या वरच्या पुरुषाला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावताच येत नाही, त्यांच्या घरी येऊन विचारायचं असतं.

व्हिडिओ काढला म्हणून सरकारी गुपितांचा कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) लावतो अशी धमकी बऱ्याचदा मिळते. पोलीस ठाणं त्या कायद्यातली 'प्रतिबंधित जागा' नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्येच सांगितलंय. पण रात्री अकराला हवालदाराशी त्यावर वाद घालत बसू नका, फोन हिसकावला जाईल, तो निकाल नंतर वकिलाच्या कामाचा.

2. मारलं असेल तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना

डॉक्टरला "पडलो" सांगू नका, पोलिसांनी मारलं असंच सांगा आणि एमएलसी (मारहाणीच्या जखमांची दवाखान्यातली कायदेशीर नोंद) करायला लावा. वळांचे फोटो काढा. कोठडीत असाल तर मॅजिस्ट्रेट विचारतात की पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, आणि बहुतेकजण तिथेच नाही म्हणतात कारण मारणारा मागे उभा असतो. तरी बोला, ते रेकॉर्डवर येतं.

3. सीसीटीव्ही, आणि यात उशीर नको

डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत, लॉकअप, व्हरांडा, गेट, सगळीकडे, रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं आणि ते जमतच नसेल तर निदान वर्षभर तरी. प्रत्यक्षात नेमका त्याच दिवशी कॅमेरा बंद असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून लगेच लेखी अर्ज द्या: अमुक तारीख, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंतचं फुटेज जपून ठेवा, डिलीट करू नका. नंतर "नाही" म्हणाले तर अर्ज असूनही का घालवलं याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. 2017 ला सांगलीत पोलिसांनी सांगितलं की कोठडीतला तरुण पळून गेला. नंतर उघड झालं की तो कोठडीतच मेला होता आणि मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला होता, गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. पोलिसांचा कारभार पोलिसांनीच तपासून भागत नाही तो यासाठी.

4. वरच्या ऑफिसला अर्ज

एफआयआर घेत नसतील तर तीच तक्रार एसपी किंवा आयुक्तांकडे द्या, आवक विभागात शिक्का मारलेली पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्ट करून पावती ठेवा. दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे 2013 पासून ठरलेलं आहे. तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, आणि तिथे पहिलं विचारतात, पोच कुठंय?

5. पोलिसांच्या बाहेरचं दार

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण नावाची गोष्ट महाराष्ट्रात आहे हे निम्म्या वकिलांनाही आठवत नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी असं प्राधिकरण प्रत्येक राज्यात हवं, असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा प्रकाश सिंह खटल्यातला निकाल 2006 चा, आपला कायदा झाला 2014 ला. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, खंडणी, जमीन बळकावणं असले विषय इथे चालतात. तक्रार शपथेवर करावी लागते, अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. पण सदस्यांत निवृत्त पोलीस अधिकारीही असतो आणि अहवाल शेवटी सरकारकडेच जातो, त्यामुळे फार भाबडेपणाने जाऊ नका. मानवी हक्क आयोगाला फी नाही, मात्र घटनेपासून वर्षाच्या आत जा.

मधेमधे 10 रुपयांची आरटीआय (माहितीच्या अधिकाराचा अर्ज) टाका, माझ्या अर्जावर कोणी, कोणत्या तारखेला, काय केलं? उत्तर 30 दिवसांत यायला हवं.

6. मग फोन येतो

"मिटवून टाकू, या चहाला." एकटे जाऊ नका. जबाब द्यायचा असेल तर पूर्ण वाचून, तुमचे शब्द आहेत की त्यांचे ते बघून, आणि कोऱ्या कागदावर सही अजिबात नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, बायकांना, एससी-एसटींना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, ऑफिस बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं.