दिवसाला सात वचने: बायबलवाचनाची सवय कशी लावावी

वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचा संकल्प पुष्कळ ख्रिस्ती घरांत 1 जानेवारीला होतो आणि बहुधा लेवीयाच्या पुस्तकापाशी थांबतो. प्रॉटेस्टंट परंपरेतील 66 पुस्तकांत 1189 अध्याय आहेत. म्हणजे रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात, आणि उत्पत्तीचे 50 व निर्गमाचे 40 अध्याय उरकून वाचक महिनाअखेरीस यज्ञबलींच्या नियमांत येऊन पडतो. मी स्वतः तेथे दोनदा अडखळलो. दोष लेवीयाचा नव्हता. मी वचन ऐकण्याऐवजी पाने संपवीत होतो.

म्हणून नव्याने सवय लावणाऱ्याने मार्ककृत शुभवर्तमानापासून आरंभ करावा. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचे आहे आणि त्यातील प्रसंग भराभर पुढे सरकतात. एका बैठकीत एकच प्रसंग घ्यावा, मग तो पाच-सात वचनांचा, म्हणजे क्रमांक दिलेल्या वाक्यांचा, का असेना. वेळ व जागा मात्र ठरलेली असावी. ती वेळ पहाटेचीच असली पाहिजे असे नाही; ज्या घरात सकाळी पाण्याची आणि डब्यांची धांदल असते, तेथे रात्रीची जेवणे आटोपल्यावरची पंधरा मिनिटे अधिक निवांत मिळतात.

पहिले वाचन मोठ्याने करावे. आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे 1616 मध्ये छापलेले ओवीबद्ध ख्रिस्तपुराण कानांसाठीच रचलेले होते. दुसरे वाचन मनात, हातात पेन्सिल घेऊन करावे आणि जेथे नजर अडेल तेथे खूण करावी.

मार्काच्या दहाव्या अध्यायातील 46 ते 52 ही सात वचने उदाहरणादाखल घेऊ. यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय येशूला हाक मारतो, लोक त्याला दटावून गप्प बसवू पाहतात, आणि बोलावणे येताच तो अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. या वस्त्रापाशी थांबावे. रस्त्यावर राहणाऱ्याचे तेच अंथरूण-पांघरूण असेल, आणि ते टाकले त्या क्षणी त्याला दृष्टी अजून मिळालेली नव्हती. पुढे येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे. आता पान मागे उलटून वचन 36 पाहावे: थोड्याच वेळापूर्वी आपले शिष्य याकोब आणि योहान यांनाही त्याने हाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांनी त्याच्या उजव्या-डाव्या बाजूची आसने मागितली होती. आपल्याला तोच प्रश्न विचारला गेला तर तोंडातून काय निघेल, हे वहीत प्रामाणिकपणे लिहावे. ते उत्तर शोभिवंत नसले तरी चालेल. त्या दिवसाची प्रार्थना त्या लिहिलेल्या ओळीतूनच करावी. वहीत याहून अधिक काही लागत नाही: तारीख, संदर्भ, एक प्रश्न आणि एक ओळ.

जुन्या भाषांतरातील एखादे वाक्य जड वाटल्यास सोप्या मराठीतील दुसरी प्रत शेजारी ठेवावी, त्यात कमीपणा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले, ते सामान्य स्त्रियांना समजावे म्हणूनच. 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्या हयात नव्हत्या. तरीही न उलगडलेला भाग पाळकांना किंवा फादरांना विचारावा, कारण एकट्यानेच अर्थ लावत बसल्यास वाचक बहुतेक वेळा स्वतःच्या मताला पुरावे गोळा करू लागतो.

मार्क संपल्यावर लूक आणि त्याचाच पुढचा भाग असलेले प्रेषितांची कृत्ये सलग घ्यावे व सोबतीला रोज एक स्तोत्र ठेवावे. 119वे स्तोत्र 176 वचनांचे आहे, परंतु ते आठ-आठ वचनांच्या 22 खंडांत बांधलेले असल्यामुळे त्याला सरळ बावीस दिवस द्यावेत.

दिवस चुकतील. पाहुणे येतात, आजारपण येते, कधी नुसता कंटाळाही येतो. चुकलेले भाग एका रविवारी बसून भरून काढण्याच्या मागे लागू नये, कारण पहिले दोन संकल्प मी त्याच नादात मोडले. वहीत त्या तारखा कोऱ्या राहू द्याव्यात आणि जेथे खूण घातली असेल तेथून पुढचा प्रसंग उघडावा.