गाडीच्या रंगाचा उडालेला टवका भरताना या चुका टाळा

खडा लागून बॉनेटच्या पुढच्या कडेवरचा रंग उडाला, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर "एवढंसं तर आहे" म्हणून सोडून देतात, नाही तर त्याच संध्याकाळी टच-अपची बाटली आणून टोपणातल्या ब्रशने एक ठिपका ठेवतात. सोडून दिलेल्या जागी गंज धरतो आणि घाईच्या ठिपक्याचा चामखिळीसारखा उंचवटा होतो. मी हे दोन्ही करून बसलो आहे. त्यातून एक पक्कं कळलं: टवका भरायचा तो आधी पत्र्यापर्यंत पाणी पोचू नये म्हणून. दिसणं त्यानंतर. हा क्रम डोक्यात असला की पुढच्या निम्म्या चुका होतच नाहीत.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. कारखान्यातून येणाऱ्या गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे माणसाचे दोनेक केस एकावर एक ठेवावेत तेवढा. त्यातच पत्र्याला गंजापासून जपणारा तळाचा लेप, त्यावर प्राइमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून दिलेलं अस्तर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. प्रत्यक्ष रंगाचा थर तर यात सगळ्यात पातळ. एवढ्याशा खड्ड्यात ब्रशभर रंग मावणार कुठे?

टवका किती खोल आहे हे न बघता बाटली उघडणं

उजेडात, जवळून बघा. गाडीचाच रंग दिसतोय पण जागा खरखरीत आणि निस्तेज वाटते, तर फक्त क्लिअर कोट उडालाय; तिथे रंगाची गरजच नाही, क्लिअरचा पातळ हात पुरतो. राखाडी किंवा पांढरट तळ दिसत असेल तर प्राइमर शाबूत आहे. थेट रंग लावा. धातू चमकत असेल तरच प्राइमर लागतो, आणि तोही फक्त खड्ड्याच्या तळाशी.

बंपर प्लॅस्टिकचा असतो. तिथे गंजाची भीती नाही, त्यामुळे घाईही नाही. पण साधा प्राइमर प्लॅस्टिकला नीट धरत नाही, प्लॅस्टिकसाठीचा वेगळा घ्यावा लागतो. काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक चिकटलं नाही तर समजा लोखंड नाही. तिथे तांबडा गंज येणार नाही, पण उघडं ॲल्युमिनियमही खराब होतं, त्यावर पांढरट भुकटी धरते. म्हणून ते बुजवायचंच.

नुसत्या पाण्याने पुसून कामाला लागणं

गाडीवर मेणाचा किंवा सिलिकॉनच्या पॉलिशचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर रंग ठेवला की तो आकसून बाजूला सरतो आणि मधे माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. आधी शाम्पूने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा मेण काढायच्या द्रावणाने तेवढीच जागा पुसा. पेट्रोल नको, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. खड्ड्यात ओल राहिली असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून द्या.

गंजावरच रंग चढवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. वरून सगळं छान दिसतं, आणि काही महिन्यांनी त्याच जागी रंग फुगतो, टोचलं तर खाली तांबूस चुरा. आत अडकलेला गंज थांबत नाही. तो रंगाच्या खालून आडवा पसरतो. मी एकदा दाराच्या खालच्या पट्टीवरचा टाचणीच्या डोक्याएवढा तांबूस ठिपका तसाच झाकला होता. पुढे तिथे नाण्याएवढी जागा खरवडून काढावी लागली.

खड्ड्याच्या कडेचा सुटलेला रंग आधी टूथपिकने उचकटून बघा. जो सहज निघतो तो निघूच द्या, कारण सैल कडेवर भरलेला नवा रंग तिच्यासकट गळून पडतो. मग गंज बारीक पात्याच्या टोकाने किंवा काचतंतूंच्या पेनाने चमकता धातू दिसेपर्यंत खरवडा. या पेनाचे तंतू तुटून बोटात रुततात, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालाच. खोल छिद्रातला गंज निघत नसेल तर टूथपिकच्या टोकावर गंजरोधक कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला निरुपद्रवी थरात बदलणारं द्रावण, घेऊन फक्त तिथे लावा. त्याने गंज काळा पडतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा आणि आजूबाजूच्या रंगावर सांडलेला थेंब लगेच पुसा. मगच प्राइमर.

टवक्याच्या भोवतीचा रंग आधीच फुगलेला असेल तर बाटली बाजूला ठेवा. गंज आत पसरला आहे, आणि ते काम पेंटरचं आहे.

"पांढरी गाडी आहे, पांढरा द्या" म्हणणं

पांढऱ्याच्याच किती तरी छटा असतात. रंगाच्या नावावर नाही, कोडवर रंग घ्या. हा कोड दाराच्या चौकटीवरच्या, बॉनेटखालच्या किंवा डिकीतल्या पट्टीवर असतो. गाडी कुठली यावर जागा बदलते. कोड बरोबर असला तरी जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, म्हणून आधी पांढऱ्या कार्डावर एक ठिपका द्या, वाळू द्या आणि कार्ड गाडीला लावून दिवसाच्या उजेडात बघा. ओल्या रंगावरून निवाडा करू नका.

मेटॅलिक रंगातले चमकीचे कण तळाशी बसतात. बाटली दोनेक मिनिटं जोरात हलवली नाही तर वरचं नुसतं पाणचट द्रावणच लागतं. आणि मनाची तयारी ठेवा: स्प्रेने बसलेले कण आणि टोकाने ठेवलेले कण वेगळ्या दिशेने पडतात, त्यामुळे एखाद्या कोनातून ठिपका गडद दिसणारच. मोत्यासारखी झाक असलेल्या काही रंगांना दोन बाटल्या लागतात, खालचा रंग आणि वरची झाक. एकच घेतली तर रंग कधीच जुळत नाही. नेलपॉलिश रंग जुळवायच्या भानगडीत लावू नका, ते गाडीच्या रंगासारखं टिकत नाही.

एकाच थेंबात खड्डा भरून टाकणं

टोपणातला ब्रश टवक्यासाठी फार जाड असतो. तो खड्ड्याबाहेरच्या चांगल्या रंगावर जास्त लागतो. शिवाय बाटलीतल्या रंगाचा बराच भाग द्रावकाचा असतो आणि तो उडून गेला की रंग बसतो, आकसतो. जाड थेंबाची वरची साय आधी वाळते, द्रावक खाली कोंडतो, पृष्ठभागावर बुडबुडे येतात किंवा महिनाभराने मधेच खळगा पडतो. आतून तो थेंब कितीतरी दिवस मऊ राहतो.

टूथपिक किंवा अगदी बारीक, तीन शून्यांचा चित्रकलेचा ब्रश घ्या. टोकावर जेमतेम रंग घ्या, तो खड्ड्याच्या मधोमध टेकवा आणि हात उचला. फासू नका. पातळ रंग आपोआप कडेपर्यंत ओढला जातो, ते बघताना मला अजून समाधान वाटतं. अर्धा तास थांबा, मग पुढचा थर. साधारण तीन ते पाच थर लागतात. रंग कडेच्या किंचित खाली असताना थांबा आणि उरलेली उंची क्लिअरने भरा. एका दिवसात संपवायचा अट्टहास नको.

हे काम सावलीत, १५ ते २५ अंशांच्या आसपास करा. उन्हाने तापलेल्या बॉनेटवर रंग पसरायच्या आत सुकतो. दमट हवेत क्लिअर दुधाळ पडतो. तसं झालंच तर कोरडी हवा येईपर्यंत थांबा. हलकी दुधाळी काही वेळा आपोआप जाते, नाही तर वरचा हात काढून पुन्हा द्या.

दुसऱ्याच दिवशी पेपर मारणं

सगळेच टवके घासावे लागत नाहीत. दोन पावलांवरून दिसत नसेल तर मी तसाच सोडतो, कारण घासण्यात नफ्यापेक्षा धोका जास्त. उंचवटा खुपतच असेल तर निदान आठवडाभर थांबा. मग खोडरबरच्या छोट्या तुकड्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळा, भोवती मास्किंग टेप लावा, साबणाचं पाणी घ्या आणि फक्त उंच भागावर हलका हात फिरवा. पुढे ३००० नंबरचा, मग पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी परत आणणारी घासायची पेस्ट. बोटाच्या टोकाने पेपर दाबला तर एकाच जागी जोर येऊन शेजारचा क्लिअर कोट झिजतो. बॉनेटच्या आणि दारांच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथे पेपर लावूच नका.

बिघडलंच तर

थेंब जास्त पडला आणि अजून ओला आहे? कापसाच्या बोळ्याने, किंचित थिनर लावून लगेच उचला. कारखान्याचा रंग एवढ्या क्षणिक स्पर्शाने सहसा बिघडत नाही, पण आधी रंगवून घेतलेला भाग मऊ पडू शकतो. गोल भोकं पडली तर त्यावर आणखी रंग ओतू नका. पुसा, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा सुरुवात. भरलेला रंग खपलीसारखा निघाला तर दोष बहुतेक वेळा मेणाचा किंवा सैल कडेचा असतो. घासल्यावर जागा धुरकट राहिली, तर कंपाउंड अजून पुरेसं फिरलेलं नाही. भोवती काळसर रेघ उरली तर तो कडेत साचलेला मळ किंवा कंपाउंड असतं. मऊ ब्रशने निघतं.

भरलेल्या जागेवर महिनाभर मेण लावू नका, म्हणजे आतला द्रावक निघून जाईल. प्रेशरच्या पाण्याची नळी तेवढ्या काळात तिथे जवळून मारू नका. नंतरही हातभर अंतर ठेवा.

काम झालं की बाटलीच्या तोंडाची कड पुसून मगच झाकण लावा, नाही तर वाळलेल्या रंगाने ते चिकटून बसतं. झाकणावर रंगाचा कोड आणि उघडल्याची तारीख लिहा. पुढचा खडा कधी लागेल सांगता येत नाही, आणि तेव्हा बाटलीतला रंग गोठलेला निघाला तर टवका पुन्हा उघडाच राहतो.