लडाखच्या मातीवर प्रबंध करायचाय? सराव निफाडला करा

मृदशास्त्रात एमएस्सी करणारी नाशिकची मुलं आमच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत येतात, तेव्हा लडाखच्या थंड वाळवंटाचा विषय हमखास निघतो. विषय खरंच सुंदर आहे. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर, वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिमी. माती भरड, सामू (pH) आठच्या आसपास, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या वनस्पती-शेणखतातून आलेला कार्बन) बहुतेक ठिकाणी कमी. त्यातच हिमनदीच्या पाण्यावरची जवाची शेतं, विलो-पॉप्लरची लागवड, हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरणारं सीबकथॉर्न आणि पलीकडे उघडा माळ.

पण शेत, लागवड आणि माळ यांच्या मातीतल्या कर्बाची तुलना सोपी वाटते तशी नाही. तिथे शेत होतं ते पाणी पोचतं, गाळ बसतो अशाच जागी. शेजारचा माळ मुळातच दगडगोट्यांचा. मग कर्बातला सगळा फरक शेतीच्या खात्यावर कसा टाकणार? शिवाय शेतात पिढ्यान्‌पिढ्या कोरड्या संडासाचं खत पडलेलं असतं. ते घरच्या माणसांना विचारूनच कळतं.

ही नजर आपल्याकडेच तयार होते. इगतपुरीचं भातखाचर आणि निफाडची द्राक्षबाग शेजारी मांडू नका. खडक दोन्हीकडे बेसाल्टच, पण पावसाने माती पार वेगळी केली आहे. एकाच शिवारातली बाग, कांद्याचं रान आणि पडीक तुकडा घ्या. बागेत वेलीच्या ओळीतला नमुना वेगळा, दोन ओळींमधला वेगळा: ठिबकचं खत ओळीत उतरतं, ट्रॅक्टरचं चाक मधली माती दाबतं.

निफाडची माती चिमूटभर घेऊन तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फसफसली की चुनखडी आहे. लडाखातही हीच अडचण: माती जाळून एकूण कर्ब मोजणारं यंत्र चुनखडीतला कर्बही धरतं. सेंद्रिय कर्बासाठी वॉकली-ब्लॅक ही चुनखडीतला कर्ब न धरणारी रासायनिक पद्धत वापरा, नाहीतर आधी आम्लाने चुना काढा.

आणि 2 मिमीच्या चाळणीवर उरलेले खडे फेकू नका, त्यांचं वजन लिहा. ते धरलं नाही, तर हेक्टरी कर्बसाठा फुगून दिसतो. लडाखच्या खडकाळ मातीत तर फारच.

लडाखात नमुने जून ते सप्टेंबरमध्ये घ्यावेत. त्याआधी इथला सराव बाग खाली झाल्यावर, खरड छाटणीची (काढणीनंतर वेली मागे छाटतात तिची) खतं पडायच्या आत उरका.